काकांच्या वहीतला माळ

भिवंडीच्या माणसाला कोरड्या मुलखाची ओढ लागावी, ही गोष्ट ऐकणाऱ्याला थोडी विनोदीच वाटेल. आमच्या गावावर दर वर्षी अडीच हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस कोसळतो. कामवारी नदी फुगली आणि नेमकी त्याच वेळी खाडीला भरती आली, की सखल आळ्यांतली मंडळी सुताच्या पेट्या, गाद्या आणि घरातली म्हातारी माणसे या क्रमाने माळ्यावर चढवू लागतात. पावसाळा सरला की उरते ती यंत्रमागांची अखंड खटखट आणि गोदामांकडे निघालेल्या कंटेनरांची रांग. अशा या ओल्या आणि गजबजलेल्या गावात मी गेली वीस वर्षे मराठीचा प्राध्यापक म्हणून नांदतो आहे. वय पंचेचाळीस. शरीरयष्टी खुर्चीला साजेशी. बंदूक आयुष्यात कधी हाती धरली नाही, आणि मोटार चालवतो ती शेजारी बसलेल्याने देवाचे नाव घ्यावे अशी. असे असूनही गेल्या दिवाळीपासून यंदाच्या नवरात्रापर्यंत मी चार वेळा घाट चढून त्या उजाड माळांवर भटकून आलो आणि पाचव्या वेळी जाता जाता राहिलो. याला कारण आमच्या काकांची एक वही.

काकांचा धंदा सुताचा. भिवंडी आणि सोलापूर ही गावे नकाशावर लांब असली तरी सुताने एकमेकांना बांधलेली आहेत. इथेही माग, तिथेही माग. इथल्या पद्मशाली वस्तीत जशी तेलुगू कानांवर पडते तशीच तिथल्याही. काकांची दर महिन्या-दोन महिन्यांनी सोलापूरला फेरी होई आणि ती होई जीपमधून. महायुद्धासाठी जन्माला आलेली ही गाडी स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्रांनी मुंबईत सुटे भाग जोडून विकायला काढली; काकांच्या पदरात पडली ती तिसऱ्या हातून. मागे सुताचे नमुने, पुढच्या आसनाखाली बारा बोअरची दुनळी आणि शेजारी सोलापूरचा एखादा शौकीन मित्र, असा तो थाट असे. "धंदा दोन दिवसांचा, मुक्काम आठ दिवसांचा," असे काकू म्हणायच्या, आणि त्यात कौतुकाचा भाग फारसा नसे.

गेल्या दिवाळीत, म्हणजे २०२४ साली, माळा साफ करताना काकांची जुनी ट्रंक निघाली आणि तीत लाल कापडी पुठ्ठ्याची एक चोपडी सापडली. मला वाटले, जुना रोजमेळ असेल. उघडून पाहतो तो पहिल्याच पानावर गंध, 'श्री', खाली 'पाडवा, १९६६', आणि मग डावीकडे जमा, उजवीकडे नावे अशा रीतसर रकान्यांत चक्क शिकारीचा हिशेब! नावेच्या बाजूला पेट्रोल, काडतुसे, पाटा मोडला त्याची दुरुस्ती, 'चहा-भजी टेंभुर्णी' वगैरे. जमेच्या बाजूला ससे, तित्तर, लावे, काळवीट. पाडव्याला सुरू झालेली ही वही पुढच्या दिवाळीला, व्यापाऱ्याच्या शिस्तीने, बेरीज मारून बंद केलेली होती. ससे ६१. तित्तर व लावे मिळून १४०. काळवीट ९. चिंकारा ३. खोकड २. आणि सर्वांत शेवटी, तांबड्या शाईत, 'माळढोक (नर) १. नान्नजच्या अलीकडे. ता. १६ जुलै १९६७. वजन साडेनऊ पौंड.'

काका आता त्र्याऐंशी वर्षांचे आहेत. गुडघे गेले आहेत, कान शाबूत आहेत. मी वही त्यांच्यापुढे धरली. त्यांनी ती हातात घेतली नाही. नुसते एवढे विचारले, "माळढोक अजून दिसतो का रे तिथे?"

मी काय सांगणार! मी वर्गात दर वर्षी 'बनगरवाडी' शिकवतो. व्यंकटेश माडगूळकरांची ही कादंबरी १९५५ साली आली. त्या पुस्तकातल्या माळाबद्दल मी पंचेचाळीस मिनिटे अडखळल्याशिवाय बोलू शकतो. पण माळ म्हणून जो काही पदार्थ असतो तो मी एसटीच्या खिडकीतून जेवढा दिसतो तेवढाच पाहिला होता. मनात आले, वही घ्यावी आणि तिच्यातल्या पानांमागून एक वर्षभर हिंडावे. बंदुकीशिवाय, अर्थात. शिकारीवर आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आली, आणि ती नसती तरी माझ्या नेमापासून सशांना काही धोका नव्हता.

वाहनाचा प्रश्न आमच्या गावातल्या एका मेस्त्रींनी सोडवला. हे गृहस्थ मागांची यंत्रे दुरुस्त करतात आणि उरलेल्या वेळात लष्कराच्या लिलावातून घेतलेली एक डिझेल जीप. ती कायम अर्धी उघडलेली असते. मी भीत भीत विचारले, "मेस्त्री, ही खडकाळ माळावर चालेल का?" ते म्हणाले, "सर, ही भिवंडीत चालते. माळ म्हणजे तिला सुट्टी." आमच्या गावचे रस्ते ज्यांनी पावसाळ्यात पाहिले आहेत त्यांना यातली अतिशयोक्ती सापडणार नाही.

पहिली फेरी डिसेंबरात झाली. आम्ही मुद्दाम पुण्याची वाट सोडून कल्याण, मुरबाड आणि माळशेज घाट अशी वाट धरली, कारण वहीतही तीच होती. सह्याद्री म्हणजे काय हे ज्याला समजून घ्यायचे असेल त्याने एकदा तरी या वाटेने जावे. समुद्रावरून येणारे ढग या डोंगराच्या भिंतीला धडकतात आणि आपले बहुतेक पाणी अलीकडे, आमच्या अंगावर, रिकामे करतात. भिंतीपलीकडे जे जाते ते झाडलेल्या पिशवीतले पीठ. मुरबाडला भाताची खाचरे, घाटात झाडी, ओतूरपर्यंत अजून थोडी हिरवळ, आळेफाट्यापुढे ती विरळ होत जाते. आणि टाकळी ढोकेश्वर मागे पडते तोवर आभाळ एकदम रुंद होते, जमीन तांबूस, दगडाळ आणि उघडी पडते. आमच्याकडे जेवढा पाऊस पडतो त्याच्या पाचव्या हिश्श्यावर इथल्या माणसाने वर्ष काढायचे असते. आणि तोही पडेल याची खात्री नाही! भूगोलाच्या पुस्तकात याला पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात. 'छाया' हा शब्द इतक्या उन्हाच्या जागी ज्याने योजला त्याच्या विनोदबुद्धीला मी हात जोडतो.

हे वाळवंट नव्हे, हे सांगायला हवे. वाळू इथे नदीच्या पात्राखेरीज कुठे नाही. हा माळ आहे, म्हणजे मुरूम, त्यावर बोटभर माती, त्यावर कुसळीचे आणि पवन्याचे गुडघाभर गवत, मधूनच बोर, हिवर, तरवड. दुपारी पाहिले तर काही नाही असे वाटते. काकांच्या पिढीलाही तसेच वाटे आणि सरकारी दप्तरांतही बऱ्याच वर्षांपर्यंत या जमिनीच्या नावापुढे 'पडीक' असाच शब्द असे. पण सकाळी सूर्य आडवा असताना बघावे. गवताच्या प्रत्येक काडीला सोनेरी कड येते, चंडोल उभा वर चढत जातो आणि दिसेनासा झाला तरी गात राहतो, आणि कुठे तरी तित्तर अशा तारस्वरात ओरडतो की त्याचेच काही तरी हरवले आहे असे वाटावे.

नगर जिल्ह्यात (त्याचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे) कर्जत तालुक्यातले रेहेकुरी हे काळविटांचे अभयारण्य. १९८० साली झाले. क्षेत्रफळ सव्वादोन चौरस किलोमीटरांच्याही आत. आमच्या मेस्त्रींना हा आकडा ऐकून हसू आले. "सर, आपल्याकडे एकेका गोदामाचा पसारा केवढा असतो!" पण त्या एवढ्याशा जागेत काळवीट पाहिले आणि ते हसू विरले. नर पाठीवर काळाभोर, पोटाशी पांढरा, डोक्यावर मळसूत्रासारखी पीळ घेतलेली शिंगे. चालतानासुद्धा मान मागे टाकून, जणू आपल्याला कोणी बघत आहे हे त्याला ठाऊक आहे. कळप बिथरला तेव्हा एकामागून एक माद्या काहीही आडवे नसताना उंच उड्या मारीत गेल्या. ताशी ऐंशी किलोमीटरांपर्यंत पळणारे हे जनावर. त्याच्यामागे धावण्याची ताकद असलेला एकच शिकारी या देशात होता, तो म्हणजे चित्ता. कोल्हापूरच्या संस्थानात चित्ते पाळून त्यांच्याकडून काळविटांची शिकार करवीत. पुढे पुढे तर ते आफ्रिकेतून आणावे लागत. १९५२ साली आपल्याकडचा चित्ता संपल्याचे सरकारने जाहीर केले. २०२२ साली पुन्हा आफ्रिकेतलेच चित्ते आणून मध्य प्रदेशात कुनोला सोडले, हे सर्वांनी वर्तमानपत्रांत वाचलेच आहे.

काकांच्या वहीत मात्र काळविटाच्या वेगाचा उल्लेख नाही, आणि त्याचे कारण नावेच्या बाजूला आहे. 'बॅटरी चार्ज', 'सर्चलाइटची काच'. रात्री जीपवरून प्रखर झोत टाकायचा. डोळे दिपलेले जनावर आहे तिथे खिळून राहते. मग नेम धरणाऱ्याला सव्यसाची असण्याची गरज नसते. मुंबई राज्याचा १९५१ चा कायदा होता, परवाने होते, बंदीचे मोसम होते. पण अमावास्येच्या रात्री करमाळ्याच्या माळावर कायद्याची प्रत घेऊन कोण उभे राहणार? पक्षितज्ज्ञ सालिम अली त्या काळातच सांगत होते की युद्धानंतर आलेल्या जीपगाडीने माळावरच्या प्राण्यांचा घात केला. जिथे पूर्वी बैलगाडीने दोन दिवस लागत तिथे ती दोन तासांत पोचू लागली.

मी घरी आलो. काकांनी विचारले, "दिसला?" मी काळविटांचे वर्णन करू लागलो. त्यांनी ते ऐकून घेतले. "ते ठीक आहे रे. माळढोक?"

जानेवारीत सुप्याला गेलो. बारामती तालुक्यातले हे मयूरेश्वर अभयारण्य, १९९७ चे, पाच चौरस किलोमीटरांच्या थोडे वर. चिंकारा दिसले, लाजरे आणि बुटके, शेपूट सारखे हलवणारे. त्या फेरीबद्दल सांगण्यासारखे फार नाही. जीपची बॅटरी बसली आणि एका साखर कारखान्याला निघालेल्या ट्रॅक्टरवाल्याने आम्हांला ओढले. येताना भिगवणला उजनीच्या पाण्यात रोहित पक्षी पाहिले, हजारो, आणि सौभाग्यवती या एकाच फेरीला बरोबर होत्या म्हणून बरे झाले. नाही तर या वर्षभराच्या भटकंतीला घरातून एकही साक्षीदार मिळाला नसता.

मार्चच्या अखेरीस करमाळ्याकडे गेलो ते मात्र विसरणार नाही. माळाच्या कडेला फासेपारध्यांची एक वस्ती होती आणि तिथल्या एका म्हाताऱ्याकडे आम्हांला गावच्या मास्तरांनी नेले. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने ज्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले त्यांत पुढे पारध्यांनाही घातले. तो कायदा १९५२ साली उठला, संशय अजून उठलेला नाही. म्हाताऱ्याने आधी आम्हांला जंगलखात्याची माणसे समजून काहीच सांगितले नाही. मेस्त्रींनी जीपच्या बॉनेटखाली डोके घातले, म्हाताऱ्याचा नातू शेजारी येऊन पाने देऊ लागला, तेव्हा कुठे बोलणे निघाले.

"आमचा फासा असायचा, सायेब. बंदूक न्हाई. फाशात एक घावायचा, धा सुटायचे. पोटापुरतं." त्याने तोंडाशी हात नेला आणि तित्तराचा आवाज काढला. मी दचकलो. क्षणभर काही नाही. मग पलीकडच्या बोरीतून उत्तर आले. म्हाताऱ्याने पुन्हा साद घातली, पुन्हा उत्तर आले, या वेळी जवळून. तो थांबला. "आता सोडा. बिचारा भांडायला येतोय. फुकट कशाला दमवायचा?"

मी त्याला काकांच्या वहीतली तित्तर-लाव्यांची बेरीज सांगितली. "एका वर्सात?" त्याने विचारले. मी हो म्हणालो. तो काही बोलला नाही, पण नातवाकडे वळून आपल्या भाषेत काही तरी म्हणाला आणि दोघे हसले. काय म्हणाला हे मी विचारले नाही.

माळढोकाचे विचारले तेव्हा त्याने हात छातीपर्यंत नेला. "एवढा हुबा ऱ्हायचा. लहान होतो तवा बगितला. आता न्हाई." हा पक्षी खरोखरच मीटरभर उंच असतो. माझ्या मनात वाचलेली माहिती होती, त्याच्याजवळ उंचीची खूण होती.

आता नान्नज. खरे म्हणजे सगळी भटकंती तिथे जाण्यासाठीच होती आणि तिथेच जायला मी टाळाटाळ करीत होतो. सोलापूरहून बार्शीच्या रस्त्याला वीसेक किलोमीटरांवर हे गाव. द्राक्षांसाठी त्याचे नाव आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर अवर्षणप्रवण भागासाठी जो कार्यक्रम निघाला त्याखाली इथल्या माळाचे काही तुकडे गुरांपासून राखले गेले. गवत वाढले आणि गवतात माळढोक आहेत हे लोकांच्या लक्षात आले. १९७९ साली अभयारण्य जाहीर झाले. ते एवढे अवाढव्य की गावे, शेते, बाजारपेठा सगळे त्यात. साडेआठ हजार चौरस किलोमीटर! लोकांना जमीन विकता येईना, विहीर खणताना परवानगी. पक्ष्याबद्दल गावोगाव जो राग साठला तो साठला. पुढे त्याची हद्द कमी केली, पण तोवर उजनीचे पाणी आले होते आणि ज्वारी-करडईच्या जागी ऊस उभा राहिला होता. उसात माळढोक राहत नाही. त्याला चारी दिशा दिसाव्या लागतात. भरीस भर म्हणून जंगलखात्यानेच एके काळी हिरवळ करण्याच्या हौसेने माळावर ग्लिरिसिडियाची झाडे लावली. झाडे लावणे हे नेहमीच पुण्यकर्म असते असे आपण मुलांना शिकवतो. गवतावर जगणाऱ्या पाखराला कोणी विचारले नाही.

आम्ही जुलैत गेलो. हा विणीचा काळ. याच दिवसांत नर गळ्याखालची पिशवी फुगवून, शेपूट पाठीवर उलटी पसरून उभा राहतो आणि त्याचा घुमणारा हुंकार दूरवर ऐकू जातो. जूनमध्ये, १८ तारखेला, मारुती चितमपल्ली सोलापुरातच वारले होते. ज्यांनी आम्हा मराठीच्या मास्तरांना पाखरांची नावे शिकवली त्यांच्या गावावरून जाताना मला जरा ओशाळल्यासारखे झाले.

पाऊस आदल्या रात्री पडून गेला होता. माळाच्या मुरमावरून जीप छान चालली, पण वाट एका शेताकडे उतरली आणि काळ्या मातीने तिला धरले. ज्यांनी ओली काळी माती पाहिली नाही त्यांना सांगतो, ती चिखल नसते, ती खळ असते. चाके फुगून दुप्पट झाली, चारही चाकांचा गिअर टाकला तरी गाडी जागच्या जागी गुरगुरत राहिली. दोन तास आम्ही दगड आणि तुराट्या घालीत होतो. शेवटी मेस्त्रींनी वाट सोडून कडेच्या माळावरून गाडी काढायचे ठरवले. मी पुढे चालत वाट दाखवीत होतो. तेवढ्यात एक टिटवी माझ्या पायांशी आली. पंख पसरून, आरडाओरडा करीत, अक्षरशः चालून आली. मी मागे सरलो. ती हटेना. खाली पाहिले तर जीपच्या पुढच्या चाकापासून हातभर अंतरावर, खड्यांमध्ये, चार अंडी. रंग खड्यांचाच. मी दोनदा तिथून पाऊल टाकून गेलो होतो आणि मला ती दिसली नव्हती.

मेस्त्रींनी इंजिन बंद केले. जीप आम्ही मागे ढकलली आणि पुन्हा त्या काळ्या मातीत नेऊन उभी केली. ट्रॅक्टर संध्याकाळी आला.

त्या संध्याकाळी वनरक्षकाच्या खोलीसमोर बसून चहा घेताना मी माळढोकाची चौकशी केली. तो तरुण पोरगा होता, मनापासून बोलत होता. म्हणाला, गेल्या काही वर्षांत एखादी मादी कधी तरी दिसते, तीही नेहमी नाही. नर नाही, तेव्हा पुढे काय होणार ते सांगायला नको. देशभरात दीडशेच्या आत उरले, बहुतेक सगळे जैसलमेरकडे. तिथे विजेच्या तारा त्यांचा काळ झाल्या आहेत. पक्ष्याचे डोळे बाजूंना, त्याला समोरचे नीट दिसत नाही, आणि एवढे वजन घेऊन उडताना आयत्या वेळी वळता येत नाही. तारा जमिनीखालून न्याव्यात म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली आदेश दिला आणि २०२४ साली तो सैल केला. आता अंडी उबवून पिल्ले वाढवण्याची केंद्रे तिथे चालली आहेत.

"वजन म्हणजे किती?" मी सहज विचारले.

"नर मोठा असतो, सर. आठ-दहा किलो तर असतोच, चौदा-पंधरापर्यंत जातो. मादी त्याच्या निम्म्याने. चार, पाच."

मी चहाचा पेला खाली ठेवला. साडेनऊ पौंड म्हणजे सव्वाचार किलोंच्या थोडे वर. हस्तलिखितातल्या दोन ओळी एकमेकींशी जुळत नसल्या, तर लिहिणाऱ्याने कुठे तरी हात राखला आहे असे समजावे, हे आम्हांला एम. ए. ला शिकवले होते. तारीख १६ जुलै. शेवटी उठून मेस्त्रींपाशी गेलो आणि त्यांना म्हणालो, "उद्या सकाळीच निघू या."

काकांनी नेहमीप्रमाणे विचारले. मी नाही म्हणालो. मग काही तरी सांगायचे म्हणून टिटवीची हकीकत सांगितली, चार अंडी, हातभर अंतर, पंख पसरून आलेली टिटवी. वजनाबद्दल बोललो नाही. त्र्याऐंशी वर्षांच्या माणसाचा हिशेब तपासणारा मी कोण? काका खिडकीबाहेर बघत होते. बाजूच्या कारखान्यातले माग चालू होते, त्यामुळे त्यांनी ऐकले की नाही हेही मला नीट कळले नाही.

सप्टेंबरात, नवरात्रात, पुन्हा जायचे ठरले होते. मेस्त्रींनी जीपचे पाटे बदलले. पण यंदा निसर्गाने त्या मुलखाची थट्टाच केली. ज्या सीनेच्या पात्रात एरवी वाळू मोजावी तिला महापूर आला, गावेच्या गावे पाण्यात गेली, सोलापूरचा हमरस्ता बंद पडला. करमाळ्याच्या मास्तरांना फोन लावला तेव्हा ते म्हणाले, आमची शाळा आता छावणी आहे, सर, तुम्ही नंतर या. आम्ही जीपमधून जायचे ते धान्य आणि चादरी एका ट्रकने पाठवून दिल्या. भिवंडीच्या माणसाला पुरात काय लागते ते सांगावे लागत नाही.

त्या रविवारी काकांनी मला बोलावून घेतले. "ती वही आण," म्हणाले.

मी आणली. त्यांनी स्वतः पान काढले. बोट त्या तांबड्या ओळीवर ठेवले.

"नर नव्हता तो."

मी गप्प राहिलो.

"जीप गोल गोल फिरवत जवळ न्यायची, सरळ नाही जायचे. बैलगाडीला भीत नसत, तसे जीपलाही भीत नसत पहिल्या पहिल्यांदा. सगळे उडतात. ही उडाली नाही. दहा पावलांवर गेलो तरी बसून. मला वाटले, जखमी आहे की काय. चांगले टिपले, म्हणून मित्रांनी पाठ थोपटली. उचलायला गेलो तेव्हा कळले का उडाली नाही." त्यांनी थोडा वेळ जाऊ दिला. "मादीवर बंदूक चालवायची नाही, असा आम्हा लोकांचा नेम. म्हणून नर लिहिले. तुझ्या काकूलाही नरच सांगितले."

"किती अंडी होती?" मी विचारले. मला उत्तर माहीत होते. हा पक्षी एका वेळी एकच घालतो.

"एक. गरम होते."

मी खिशातून पेन काढले आणि 'नर' या शब्दावर गिरवू लागलो, तेवढ्यात त्यांनी माझा हात धरला.

"खाडाखोड नको. एक रेघ मार आणि वर लिही. जुने वाचता आले पाहिजे." मग जरा थांबून म्हणाले, "आणि ती रक्कम जमेत ठेवू नकोस. नावे टाक."

मी डावीकडच्या ओळीवर एक रेघ मारली, समोरच्या पानावर पेट्रोल आणि काडतुसांच्या खाली लिहिले, 'माळढोक, मादी १. अंडे १.' काकांनी चष्मा लावून वाचले, तारीख घालायला सांगितली आणि खाली, हात कापत होता तरी पूर्ण नावानिशी, सही केली.